टाच वाजली पाहिजे

मला राग लवकर येतो. आमची अम्मा म्हणते, मागावर धोटा अडकला की तुझा बाप जसा उखडायचा, तशी तू माणसांवर उखडतेस. वडिलांचा राग घटकाभरात उतरायचा, माझाही उतरतो. हा एक मात्र उतरत नाही. शिवरात्र होऊन गेली, शिमगा झाला, उन्हं तापली, तरी भाकरी थापताना सगळं आठवतं आणि हातातली भाकरी फाटते.

सोलापुरात विजापूर रस्त्याला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. ज्यांचे पाय दुखतात त्यांनीच अठरा पायऱ्या चढून वर यायचं, हा माझा शहाणपणा. इतकी वर्षं झाली तरी लोक दारातून विचारतात, "मालीश हितंच करतात नव्हं?" एक गृहस्थ तर घरून तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आले होते. मी त्यांना व्यायाम समजावून सांगायला लागले, तर म्हणाले, "ते बोलणं राहू द्या हो मॅडम, तेवढं चोळून द्या की." मी बाटली त्यांच्या पिशवीत ठेवली आणि त्यांना जिना दाखवला.

गुडघेवाले येतात, मानवाले येतात, कंबरवाले येतात. आणि येतात भरतीच्या पोरी, म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, कुठून कुठून येतात. चौघीचौघी मिळून एक खोली घेतात, भरतीच्या अकॅडमीत नाव घालतात, पहाटे पळतात, दुपारी पुस्तकं पाठ करतात. पळून पळून नडगी ठणकायला लागली की माझा जिना चढतात.

मी काय करायचे? शेक द्यायचे, मशीन लावायचे, पट्टी चिकटवायचे आणि सांगायचे, "पंधरा दिवस पळायचं नाही." त्या म्हणायच्या, "व्हय मॅडम." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पळायच्या. मला त्यांचाच राग यायचा. ऐकायचं नाही तर येता कशाला, माझा जिना झिजवायला? हे मी एकदोघींना तोंडावर बोललेही आहे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नवरात्रात त्यांतलीच एक आली. सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. अंगानं काटक, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. डावी नडगी दुखत होती. मी दहा दिवस शेक दिला. रजिस्टरात लिहिलं : डावा पाय, शेक, पट्टी, विश्रांती. दहाव्या दिवशी "लई बरं हाय आता" म्हणाली आणि गेली. तू पळतेस कशी, हे मी तिला विचारलं नाही.

मार्गशीर्षात ती परत आली. या वेळी कठडा धरून एकेक पायरी चढत. टेबलावर बसवून मी नडगीवरून अंगठा दाबत खाली आले आणि एका जागी ती कळवळून उठलीच. रुपयाएवढी जागा होती. "बसल्या जागी बी ठणकतंय मॅडम," ती म्हणाली. मी तपासणीला पाठवलं. हाडाला बारीक तडा जायला सुरुवात झाली होती.

"सहा आठवडे पळणं बंद," मी म्हणाले. "नाहीतर हाड मोडेल. खरंच मोडेल."

ती रडली नाही. बोटांवर मोजत बसली. "ग्राउंडला अकरा आठवडं हायती," ती म्हणाली. ग्राउंड म्हणजे भरतीची मैदानी चाचणी. त्यात मुख्य म्हणजे आठशे मीटर पळणं. "सहा गेलं तर पाच उरत्यात. आन् पुडच्या भरतीला माजं वय बसत न्हाय. ही शेवटचीच हाय मॅडम."

तिनं आधी तीन भरत्या दिल्या होत्या. ही इथं पळावी म्हणून गावी आई एकटी मेंढरं हिंडवत होती. "एवढं काय त्या वर्दीत?" मी विचारलं. थोडं चिडूनच विचारलं असेन.

"आमी मेंढरं घिऊन रस्त्यानं चाललो की कुनीबी शिवी देतंय मॅडम. ट्रकवाला देतोय, रानाचा मालक देतोय. आई मान खाली घालून चालती. वर्दीतली लेक शेजारी हुबी ऱ्हायली की कोन दील शिवी?"

ती गेल्यावर मी तिची नवरात्रातली नोंद शोधायला रजिस्टर उघडलं. पानं उलटता उलटता हात थांबला. डावा पाय. डावा पाय. डावा पाय. सगळ्या हिच्याच अकॅडमीच्या पोरी, आणि एकीचाही उजवा नाही. अक्षर माझंच होतं. दोन वर्षं मी हे माझ्या हातानं लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. अगं, माणूस पळतो ते दोन्ही पायांनी ना? मग मार एकट्या डाव्यानं का खायचा?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्कूटी काढली आणि अकॅडमी गाठली. अकॅडमी म्हणजे पत्र्याचं शेड, एक लोखंडी बार, आणि समोर जुना डांबरी रस्ता. शेजारी मातीचं मैदान होतं, पण त्यात कुसळं माजलेली, म्हणून पळणं डांबरावर. तीसेक पोरी तिनातिनाच्या रांगेत पळत होत्या. बाजूनं त्यांचे सर. लष्करातून निवृत्त झालेले, साठी उलटलेले, पाठ ताठ, गळ्यात शिट्टी.

"एक-दो-एक! एक-दो-एक! टाच वाजली पाहिजे! अजून! पार विजापूरला ऐकू गेली पाहिजे!"

'एक'ला डावा पाय. सगळ्याजणी 'एक'ला लांब ढांग टाकत होत्या आणि डावी टाच जीव खाऊन डांबरावर आपटत होत्या. हा माणूस पळता पळता परेड करून घेत होता! परेडला चार पावलं आपटून माणूस थांबतो. या पोरी रोज सहा-सात किलोमीटर आपटत होत्या, तीही एकच टाच. दोन वर्षं मी मशीन लावत बसले होते. एक पहाट इथं येऊन उभी राहिले असते तर एका मिनिटात कळलं असतं. पण मी कशाला जाते ग्राउंडवर? पेशंटनं जिना चढावा, मॅडम खुर्चीत बसतील!

शिट्टी झाली तशी मी सरांना गाठलं. "सर, तुम्ही या पोरींची हाडं मोडताय."

त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "आपण कोण?"

मी सांगितलं.

"अच्छा, त्या मालीशवाल्या मॅडम," ते म्हणाले.

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पिशवीतनं रजिस्टर काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे वाचा. डावा, डावा, डावा. हे तुमचं 'एक' आहे सर. पाऊल अंगाच्या पुढं लांब टाकलं की ते पळणाऱ्यालाच अडवतं, आणि त्या अडण्याचा मार नडगी खाते. पाऊल आखूड हवं, भराभर हवं, अंगाखाली पडायला हवं."

"मी सव्वीस वर्षं असाच पळलो, मॅडम. बर्फात पळलो. मला काही झालं नाही."

"तुम्हाला झालं नाही, त्यांना झालंय!"

"कच्च्या असतात काही." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "या खेड्यातल्या पोरी. जन्मभर पाय न वाजवता चालायला शिकवलेल्या. आल्या की भिंतीच्या कडेनं चालतात. मी त्यांना पाय वाजवायला शिकवतो. टाच वाजली की भीती जाते."

हे खोटं नव्हतं. त्यामुळे मला जास्तच राग आला. भीती घालवायला हाडं कशाला फोडायची, असं काहीतरी मी ओरडले.

"तुम्ही पळलाय का कधी?" त्यांनी विचारलं.

शाळा सुटल्यापासून मी बससाठीसुद्धा पळाले नव्हते.

"मग त्या झाडाला वळसा घालून या. नंतर बोलू."

मी ओढणी कमरेला गुंडाळली, चपला काढल्या आणि पळाले. झाडापाशी पोचेपर्यंत बरगडीत कळ आली, परत येताना डोळ्यांपुढं काजवे चमकले. पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. पण आले. कमरेत वाकून धापा टाकत म्हणाले, "आता बोलू?"

"बोलायचं काही नाही," ते म्हणाले. "आणि तुमच्याकडे येते ती लंगडी पोरगी माझ्या रांगेत नको. बाकीच्यांचा दम खचतो."

त्याच दिवशी त्यांनी तिचं नाव काढून टाकलं. भांडले मी आणि भोगलं तिनं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पळायचं नाही, पण दम तर राखायचा, याला एकच उपाय होता : पाणी. खोल पाण्यात उभ्यानं पळायचं. पाय टेकत नाहीत म्हणून हाडाला मार नाही, छातीला मात्र पूर्ण काम. वळसंगच्या एका काकूंच्या गुडघ्यांवर मी उपचार केले होते. त्यांच्या रानात पायऱ्यांची मोठी विहीर आहे. फोन केला. "घिऊन या की, त्यात इचारायचं काय!" काकू म्हणाल्या.

मग ही रोज एसटीनं वळसंगला जायला लागली. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची जुनी ट्यूब काखेत अडकवायची, सलवार-कमीज घालून विहिरीत उतरायचं आणि अर्धा तास पाण्यात पाय मारायचे. पौषातलं पाणी ते, दातावर दात वाजायचे. काकू काठावर घड्याळ घेऊन बसायच्या. त्यांचं माहेर कानडी मुलखातलं. मधेच ओरडायच्या, "साकु, साकु! पुरे आता, पोर निळी पडली माझी!" गावातले चार बाप्ये बघायला आले. "हिरीत कुटं पळत्यात काय? डोस्कं फिरलंय!" काकूंनी त्यांना ज्या शब्दांत वाटेला लावलं ते मला इथं लिहिता यायचे नाहीत. गड्ड्याच्या जत्रेला अख्खं सोलापूर लोटलं होतं, तेव्हाही ही विहिरीत होती.

संक्रांत झाल्यावर सहा आठवडे भरले. पळणं सुरू केलं ते काकूंच्याच रानाकडेच्या मऊ पायवाटेवर. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. मी मोबाइलवर चित्रण करून तिला दाखवायचे. पण दोन वर्षांची सवय, टाच पुढं जायचीच. आखूड टाक, अंगाखाली टाक, असं सांगून माझा घसा बसला. शेवटी वैतागून ओरडले, "अगं, आवाज नको करूस! पाय वाजलाच नाही पाहिजे!"

ती थांबली. "मेंढरामागं पळतो तसं?"

"म्हणजे कसं?"

"येकादं मेंढरू फुटून निघालं की पुडनं जाऊन वळवावं लागतंय. पाय वाजला की समदा कळप उधळतो. म्हनून पाय न वाजवता पळायचं."

"दाखव बघू."

तिनं बूट काढले आणि पळाली. मी बघतच राहिले. आखूड पावलं, भराभर, बरोब्बर अंगाखाली, खांदे सैल, मान सरळ. मी पुढचे तीन आठवडे जे शिकवत बसणार होते ते सगळं तिच्या पायांत होतं. चालायला लागल्यापासून होतं. दोन वर्षं अकॅडमीत घालवून ते तिच्याकडून विसरवून घेतलं गेलं, आणि त्यावर मी शेक देत होते. शिकलेल्या माणसांनो, काय म्हणावं आपल्याला!

मग तेच पळणं हळूहळू बुटात आणलं. ती संध्याकाळी खोलीवरच्या तिघींनाही मातीवर नेऊन शिकवायला लागली. त्या सकाळी रांगेत सरांसमोर "एक!" असं बेंबीच्या देठापासून ओरडायच्या आणि टाच मात्र हळूच टेकवायच्या. तिघींच्या नडग्या महिनाभरात दुखायच्या थांबल्या. हे ऐकून मी पोट धरून हसले होते.

शिवरात्रीनंतर ग्राउंड झालं. आत कुणाला सोडत नव्हते. मी कुंपणाबाहेर उभी. चार हातांवर सरही उभे होते, त्यांनी मला ओळख दिली नाही. तिची तुकडी सुटली. पहिली फेरी ती दोन नंबरला होती. पाऊल कुठं पडतंय कळू नये अशी पळत होती. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणाला मात्र दोघी तिच्या पुढं गेल्या. पाय चांगला होता, दमही होता. वेग यायला जे आठवडे लागतात तेवढे मिळालेच नव्हते. फाटकातून बाहेर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "मॅडम, पाय न्हाय दुकला."

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. बाकी काही विचारायचं सुचलं नाही.

ग्राउंडच्या गुणांवर यादी लागली. खोलीतल्या तिघींची नावं होती. हिचं नव्हतं. एका गुणानं गेलं.

आणि त्याच आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. मधोमध सर, शिट्टीसकट, खाली ओळीनं यादीत आलेल्या पोरींचे फोटो, आणि मोठ्या अक्षरांत 'शास्त्रशुद्ध प्रशिक्षण'. माझं डोकं असं सणकलं की सिग्नल लाल होता तेही दिसलं नाही. स्कूटी तशीच अकॅडमीवर नेली.

"शास्त्रशुद्ध? कुठलं शास्त्र? त्या तिघींचे पाय कुणी सुधारले? जिला लंगडी म्हणून हाकललंत, तिनं! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" आणखी बरंच बोलले. पोरी बारभोवती गोळा होऊन ऐकत होत्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिले. "कळलंय मला," ते म्हणाले. "त्या तिघींनीच सांगितलं." मग माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम, ती तुमच्याकडे पहिल्यांदा कधी आली होती?"

"नवरात्रात."

"तेव्हा काय सांगितलंत?"

"विश्रांती घे म्हणून," मी म्हणाले.

"आपटायला मी लावलं, ते माझ्या माथ्यावर," ते म्हणाले. "पण नवरात्र ते मार्गशीर्ष, दोन महिने होतात. ती पळते कशी हे तेव्हाच बघितलं असतंत तर तिला तो एक गुण मिळाला असता."

मी स्कूटी वळवली. दवाखान्यात रजिस्टर उघडलं. डावा पाय, शेक, पट्टी, विश्रांती. पाच शब्द. फ्लेक्सवर ओरडणं सोपं होतं. हे पान कुणाला दाखवून ओरडू?

चार दिवसांनी सरांचा निरोप आला : सकाळी येऊन जा. गेले. मैदानातली कुसळं काढून माती सारखी केली होती. रांग मातीवर पळत होती, आणि पुढं ती उभी होती, गळ्यात सरांची शिट्टी. "पाय वाजला न्हाय पायजे! आखूड टाका! अंगाखाली!" ती ओरडत होती. सर पार मागं, हात पाठीशी बांधून उभे. तीस पोरी पळत होत्या आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या दुधवाल्याची घंटी ऐकू येत होती. सरांनी मला नुसती मान हलवून दाखवली. माफी म्हणायची तर तीच.

मला ते पुरत नाही. तिला शिट्टी नको होती.

पोरी पाणी प्यायला थांबल्या तेव्हा मी तिच्याजवळ गेले. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाले, "बघ, सगळ्या तुझ्यासारख्या पळायला लागल्या."

"व्हय," ती म्हणाली. "ह्येंच्यातली येकादी तरी हुईल पोलीस." मग रांगेकडं बघत म्हणाली, "काल आईला फोन केलता मॅडम. मेंढरं घिऊन सांगोल्याच्या रस्त्यानं चालली हुती. ट्रकवाल्यानं शिवी दिली म्हनली."